प्लिमथची तिसरी काच

“थांब,” मामा म्हणाले.

राजारामनं दोरी सोडली, पण तोवर काच तडकली होती. आवाज अगदी लहान झाला, अडकित्त्यात सुपारी फुटावी तेवढा. वरच्या कोपऱ्यातून एक रेघ निघाली, वळसा घेत निम्म्या काचेपर्यंत उतरली आणि थांबली. गाडीत बसलेला राजाराम आणि बाहेर बॉनेटला टेकलेले मामा दोघंही त्या रेघेकडं बघत राहिले.

“कुनी वढाय सांगितलं हुतं?” मामांनी विचारलं.

“तुमीच की मालक. वढ म्हनलासा, वढली.”

“मी थांब म्हनलो.”

“ते फुटल्यावर म्हनलासा.”

मी जेवणाचा डबा हातात घेऊन दुकानाच्या दारात उभी होते. मामांनी माझ्याकडं पाहिलं, डब्याकडं पाहिलं आणि साबणाच्या पाण्याची बादली पायानं बाजूला सारली.

“पत्रा वाकडा हाय,” ते म्हणाले. “काचंची चौकटच वाकडी केलीया त्या रंगवाल्यानं. देव आला तरी हितं काच बसायची न्हाई.”

ही शहाण्णव सालच्या मे महिन्यातली गोष्ट. मामा म्हणजे माझे सासरे, दत्तोबा सुतार. कोल्हापुरात उद्यमनगरात त्यांचं मोटारींच्या काचा बसवायचं दुकान होतं. मला त्या घरात येऊन दोन वर्षं झाली होती. मी पदार्थविज्ञानात एम.एस्सी. केलं होतं आणि गावातल्याच एका कॉलेजात शिकवत होते. सुट्टी असल्यामुळं दुपारचा डबा पोचवायचं काम माझ्याकडं आलं होतं. माझा नवरा अजित कराडला वीज मंडळात होता आणि महिन्यातून एखाद्या शनिवारीच घरी येत असे.

ती गाडी १९५४ची प्लिमथ होती. जयसिंगपूरच्या श्रीपाल मगदूम नावाच्या तंबाखूच्या व्यापाऱ्यांची, म्हणजे त्यांच्या वडिलांची. वडील गेल्यावर ती कितीतरी वर्षं वखारीत पोत्यांखाली पडून होती. मगदूमांनी ती बाहेर काढून पुन्हा रस्त्यावर आणायचं ठरवलं. इंजिन झालं, पत्रा झाला, मोरपंखी रंग झाला. काचा शेवटी होत्या. दरवाजांच्या काचा सपाट, त्या मामांनी सहज कापून बसवल्या. पुढची काच मात्र एकसंध आणि बाकदार होती. तशी तयार काच कुठं मिळेना, म्हणून मुंबईच्या एका कारखान्यातून साचा करून तीन काचा वाकवून आणल्या होत्या. काम झाल्यावर कारखान्यानं साचा मोडून टाकला. पहिली काच आदल्या आठवड्यात तडकली होती. आज दुसरी गेली.

मगदूम संध्याकाळी आले. ठेंगणे, सावकाश बोलणारे गृहस्थ. त्यांनी काचेवरच्या रेघेवरून हलकेच बोट फिरवलं.

“दत्तोबा, आता एकच ऱ्हायली.”

“एकच लागतीया गाडीला.”

“तसं न्हवं. पुण्याला एक माणूस हाय म्हणतात, जुन्या गाड्यांचं काम करणारा. त्याला बोलवू का?”

मामा हात पुसत होते. ते थांबले. “बोलवा की. पन माझ्या दारात नगं. गाडी वढून न्या आन तिकडं बसवा.”

“राग मानू नका.”

“राग कशाचा? तीस वर्सं झाली, ह्या हातानं फोडलेली काच कुनी बघितली न्हवती. आता दोन फोडल्या. तुमी सोमवारी या. काच बसल्याली आसंल. न्हाई बसली तर ह्यो दत्तोबा दुकानाची पाटी उतरवून घरी जाईल. मग तुमचा पुन्याचा मानूस आना न्हाईतर विलायतेचा आना.”

मगदूमांनी माझ्याकडं पाहिलं, जणू मी काही मधला मार्ग काढीन. मामा एकदा बोलले की ते करत, हे मला दोन वर्षांत कळलं होतं.

जुन्या गाडीची पुढची काच चिकटवत नाहीत. काचेच्या कडेनं सगळीकडं रबर चढवायचं. त्या रबराला बाहेरच्या अंगानं एक खाच असते, तिच्यात पत्र्याची कड बसते. खाचेत आधी दोरी भरून घ्यायची, तिची दोन टोकं गाडीच्या आत सोडायची आणि काच बाहेरून चौकटीवर ठेवायची. मग एकानं आत बसून दोरी ओढत जायचं. दोरी निघते तसा रबराचा आतला ओठ उलटून पत्र्यावर चढतो. दुसऱ्यानं बाहेरून तळहातानं काच दाबत जायचं. जिथं दोरी निघते आहे बरोबर तिथंच. दोरीच्या पुढं जाऊन दाबलं तर ओठ आत मुडपतो आणि काच पत्र्यावर टेकते. सपाट काच हे सहन करते. बाकदार करत नाही.

बाहेरचा तो मिस्त्री. आतला तो नुसता दोरीचा माणूस. आमच्या दुकानात ती जागा वर्षानुवर्षं माझ्या सासूबाईंची होती. त्यांना मी आत्या म्हणत असे. दुकान नवीन होतं तेव्हा पगारी माणूस परवडत नव्हता, म्हणून त्या दोरीला बसल्या आणि बसतच राहिल्या. उद्यमनगरात त्याची चेष्टाही होई. दत्तोबा बायकोला गाडीत बसवून बाहेरनं काचंवर हात फिरवतो, असं लोक म्हणत. मामा ते हसून ऐकत. “आमाला बोलावं लागत न्हाई,” असं वर सांगत. “मी दाबली की ती वढती.”

संक्रांतीनंतर मात्र आत्या दुकानात गेल्या नव्हत्या. गुडघे दुखतात, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. तेव्हापासून राजाराम दोरीला बसू लागला; तोवर आल्या त्या काचाही जीप-ट्रकच्या, सपाट होत्या. तो दुकानातला जुना गडी, चाळिशीचा, हाताला मजबूत.

त्या संध्याकाळी आत्या सोप्यात मिरच्यांची देठं खुडत बसल्या होत्या. वर्षाचं तिखट करायचं होतं. मामा आले, पाय धुतले आणि भिंतीला टेकून बसले.

“दुसरी बी गेली,” ते म्हणाले.

“ऐकलं.”

“तिसरीला तू येतीस का?”

“गुडघं.”

“शिटावर बसायचं हाय, पंचगंगेचा घाट चढायचा न्हाई.”

“तिखट कोन करंल?”

“तिखट काय पळून जातंय?”

“गाडी तरी कुटं पळतीया? तिला काच न्हाई.”

मामांना हसू आलं असावं, पण त्यांनी ते दाखवलं नाही. आत्या देठं खुडत राहिल्या. मला त्यांच्या बोलण्यापेक्षा त्यांच्या हातांचं नवल वाटलं. गुडघे दुखतात म्हणणारी ही बाई सकाळपासून मांडी घालून बसली होती आणि आता एका झटक्यात उठून चूल बघायला गेली.

दुसऱ्या दिवशी मी डबा नेला आणि लगेच परतले नाही, तिथंच राहिले. दोन्ही तडकलेल्या काचा मागच्या भिंतीला उभ्या होत्या. या काचेत दोन थरांमध्ये एक पातळ पडदा असतो, म्हणून ती तडकली तरी तुकडे होत नाहीत. तड कुठून सुरू झाली ते तिच्या कडेवरच लिहिलेलं असतं. फुटलेल्या पृष्ठभागावर बारीक वळ्या उमटतात आणि त्या सगळ्या सुरुवातीच्या बिंदूकडं बोट दाखवतात. मी भिंग लावून पाहिलं. पहिल्या काचेची तड आणि दुसऱ्या काचेची तड, दोन्ही एकाच कोपऱ्यातून, जवळजवळ एकाच जागी सुरू झाल्या होत्या. कडेला टवका नव्हता. म्हणजे काचेत आधीपासून दोष नव्हता.

मग मी हार्डबोर्डवर काचेचा आकार काढून घेतला आणि तो चौकटीला लावून पाहिला.

“काय गावलं का मास्तरीनबाई?” मामांनी विचारलं.

“पत्रा सरळ आहे मामा. सगळीकडं सारखी फट आहे.”

“हार्डबोर्ड लवतोय. त्याला काय कळतंय?”

त्यांचं बरोबर होतं. हार्डबोर्ड लवतो. मी दुसरी परीक्षा मनात ठरवली. मामा बाजारात रबर बघायला गेले, तेव्हा मी राजारामला म्हटलं, “पहिली काच पुन्हा बसवून बघू या.”

“फुटलेली?”

“फुटलेलीच. आता आणखी काय फुटणार? तुम्ही दोरीला बसा. मी बाहेर.”

त्यानं माझ्याकडं, मग रस्त्याकडं पाहिलं. “मालक आलं तर?”

“आले तर मी सांगेन.”

मी साडीचा पदर खोचला. काचेवर दुकानातलं दुसरं रबर चढवलं, त्यावर साबणाचं पाणी लावलं. राजारामनं दोरी ओढायला सुरुवात केली आणि मी ती जिथून निघत होती तिथं तळहात ठेवत गेले. पहिल्यांदा खालची कड नीट बसली, वर चुकलं. काच काढून पुन्हा दोरी भरली. दुसऱ्यांदा सगळी बसली. त्या कोपऱ्यातसुद्धा.

राजाराम आतून काचेवर टकटक करत म्हणाला, “वैनी, बसली की वो.”

मग मी आधीचं, दोन्ही काचांना वापरलेलं रबर तपासलं. त्याचा ओठ त्या कोपऱ्यात चिमटल्यासारखा दबला होता, त्यावर पत्र्याची कड उमटली होती. म्हणजे दोन्ही वेळा तिथं दोरी यायच्या आधीच काच दाबली गेली होती. दोरी राजाराम ओढत होता, पण त्याच्या पुढं जाऊन दाबलं होतं मामांनी. तीस वर्षांत जे कधी चुकलं नाही ते दोनदा, एकाच जागी चुकलं होतं.

मामा परत आले तेव्हा मी त्यांना बसलेली काच दाखवली. त्यांनी तिच्यावरून हात फिरवला.

“फुटकी काच लवती,” ते म्हणाले. “ती बसनारच.”

हेही बरोबर होतं. मी तसं कबूल केलं. “पण ती लवली तरी कोपऱ्यात रबर चिमटलं नाही मामा. कालचं चिमटलंय. पत्रा सरळ आहे, काच सरळ आहे.”

“मग ऱ्हायलं काय? माझा हात वाकडा?”

ते आत जाऊन दुसरं काम करू लागले.

घरी आत्या खोबरं भाजत होत्या. मी त्यांच्या समोर बसले.

“आत्या, तुम्ही दोरीला बसायचात तेव्हा दुसरा हात कुठं असायचा?”

त्यांचं उलथनं थांबलं. “कशापायी इचारतीस?”

“राजाराम दोन्ही हातांनी दोरी ओढतो. तुम्ही?”

त्यांनी कढई खाली उतरवली. मग शेजारची परात उभी धरली आणि तिच्या मागून डावा तळहात टेकवला. “असा. दोरी उजव्यानं आन ह्यो हात काचंला. मी हात ठेवीन तितंच त्यांनी बाहेरनं हात ठेवायचा. हाताला हात.”

“हे राजारामला कुणी सांगितलं नाही.”

“कोन सांगनार? तुज्या सासऱ्याला वाटतंय, ते दाबत्यात आन मी मागनं जातीया.”

“पहिल्यापासून असंच करत होता?”

“न्हाई गं. आदी गरजच न्हवती. दोन सालामागं एका जीपची काच त्यांनी लांबच दाबाय घेतली. मी पटकन हात लावून दावला. तवापासनं. त्यांस्नी दोरी दिसत न्हाई, हेमा. पांडरी दोरी, वरनं ऊन, साबनाचं पानी. हात दिसतोय. दोरी दिसत न्हाई.”

“डोळे?”

“मोतीबिंदू. दोनीकडं हाय, उजव्याला जास्त. चारदा म्हनलं मिरजंच्या डोळ्याच्या दवाखान्यात दावू. काय म्हंत्यात? काच बसतीया न्हवं? मग डोळ्याला काय झालंय? आता सांग. मी आत बसले की काच बसती. काच बसली की डोळा बरा. असं किती साल चालायचं? एक दिवस मोटारीखाली जायाचं मानूस.”

“म्हणून तुम्ही जायचं थांबवलं.”

“म्हनून तिखट करतीया.”

मी त्यांना पाटीचं सांगितलं. सोमवारी काच फुटली तर मामा दुकान बंद करतील. करतीलच.

“ठावं हाय मला,” त्या म्हणाल्या. “मी काय झोपलीया का? रात्रंदिवस तेच डोक्यात हाय. पन मी जाऊन हात लावला की परत पैल्यासारकं. तू बी जाशील. तुला बसवत्यालच दोरीला, राजारामवर इश्वास ऱ्हायला न्हाई. तू बसलीस आन हात लावलास तर माजं चार म्हयन्याचं गप बसनं मातीत जाईल. आन न्हाई लावलास तर काच जाईल. शिकल्याली हायस, बघ काय ते.”

त्या पुन्हा खोबऱ्याकडं वळल्या. मी बराच वेळ त्या परातीकडं बघत बसले.

सोमवारी सकाळी मामा लवकर निघाले. मीही त्यांच्याबरोबर गेले. मगदूम यायचे होते आणि राजारामला मी मुद्दाम साबणचुरा आणायला पाठवलं. फुटकी काच अजून चौकटीत होती.

“ती काड,” मामा म्हणाले. “आन तू दोरीला बस. शेवंताच्या जागी. तुझी सासू काय येत न्हाई.”

“बसते. पण काच काढायच्या आधी एक बघायचंय.”

मी गाडीत शिरले. पांढरी दोरी ओली करून आतून त्या कोपऱ्याजवळ काचेला चिकटवली. माझे दोन्ही हात मी खाली, डॅशबोर्डच्या आड ठेवले. “मामा, दोरीचं वरचं टोक कुठं आहे? बोट ठेवा.”

“ह्यो काय खेळ काडलास?”

“ठेवा तर.”

ते पुढं वाकले. ऊन काचेवर होतं. त्यांचा चेहरा माझ्यापासून वीतभर अंतरावर आला आणि मला त्यांच्या उजव्या बुबुळात ताकासारखा पांढुरका ठिपका दिसला. दोन वर्षं मी त्यांना जेवायला वाढत होते. इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी डोळे बारीक केले, मान तिरकी केली आणि काचेवर ठामपणे बोट टेकवलं.

“हितं.”

मी हात वर काढून माझं बोट दोरीच्या टोकावर ठेवलं.

माझं बोट त्यांना दिसलं. त्यांच्या बोटापासून ते चांगलं वीतभर दूर होतं. त्यांनी आपलं बोट उचललं नाही. माझ्या बोटाकडं पाहिलं, आपल्याकडं पाहिलं, पुन्हा माझ्याकडं. मीही बोट हलवलं नाही.

“दोरी हलिवलीस तू.”

“नाही हलवली.”

रस्त्यावरून एक टेम्पो गेला. मामांनी हात काचेवरून काढून घेतला आणि धोतराला पुसला.

“शेवंतानं सांगितलं?”

“रबरानं सांगितलं. नंतर आत्यांनी.”

“म्हंजे समद्या गावाला ठाऊक हाय.”

“तिघांना. तुम्ही धरून.”

ते बॉनेटला टेकून उभे राहिले, माझ्याकडं पाठ करून. त्यांच्या शर्टाची पाठ आत्ताच घामानं भिजली होती. मी गाडीतून उतरून त्यांच्या बाजूला गेले.

“मगदूमला सांग,” ते म्हणाले, “पुन्याचा मानूस आनाय. मी पाटी काडतो.”

“मामा, हे रबर धरा.” मी ते चिमटलेलं रबर त्यांच्या हातात दिलं. “चिमटा कुठं आहे?”

त्यांनी बघितलंही नाही. अंगठा रबरावरून सरकवला आणि थांबवला. “ह्यो.”

“न बघता कसं कळलं?”

“बोटाला कळतंय की. ह्यात बघायचं काय?”

“तेच म्हणतेय. दोरी बोटाला कळते. ओठ उलटला की नाही, दोरी जड झाली की हलकी, सगळं बोटाला. बाहेरच्याला लागतात डोळे. आतल्याला लागतात हात. तुम्ही आत बसा. मी बाहेर.”

त्यांनी मान वळवली. “मी दोरीला?”

“हो.”

“आन तू बॉनेटवर. साडीत. मगदूम काय म्हनंल?”

“काच बसली तर काहीच म्हणणार नाहीत.”

“लोकं म्हनतील, दत्तोबाला सुनंनं गाडीत बसिवलं.”

“लोक आत्यांना इतकी वर्षं काय म्हणत होते? त्या मेल्या नाहीत.”

हे जरा जास्त झालं, असं मला बोलल्यावर वाटलं. पण मामा रागावले नाहीत. त्यांनी रबर दोन बोटांत धरून पुन्हा एकदा चाचपलं.

“तू बसिवलीस का कवा?”

“परवा. फुटकी.”

“फुटकी लवती.”

“म्हणून तर चांगल्या काचेची दोरी ओढायला तुम्ही पाहिजेत. राजारामच्या हातात जोर आहे, पण जड झालेलं त्याला कळत नाही.”

राजाराम साबण घेऊन आला आणि त्याच्या मागोमाग मगदूम. मामांनी कुणालाच काही समजावून सांगितलं नाही. चपला काढल्या, गाडीचा दरवाजा उघडला आणि आत जाऊन बसले. राजारामचं तोंड उघडं राहिलं.

“बगतोस काय?” मामा आतून म्हणाले. “काच उचल.”

फुटकी काढून आम्ही तिसरी काच चौकटीवर ठेवली. राजाराम एका बाजूला आधार देऊन उभा राहिला. मी दुसऱ्या बाजूला, बॉनेटवर एक गुडघा टेकून. मगदूम मागं सरकून दुकानाच्या पायरीवर उभे राहिले. त्यांनी एकदा “दत्तोबा...” असं म्हटलं, मग हाताची घडी घातली.

खालची कड सरळ बसली. मामांचा हात मला काचेतून दिसत होता, मूठ काचेजवळ, दोरी रबरातून सळसळत निघत होती. मी तिच्याबरोबर तळहात सरकवत होते. मामांनी डोळे मिटून घेतले होते. मग बाजूची कड. मग वर. त्या कोपऱ्याकडं दोरी वळली तेव्हा माझे दोन्ही हात तयार होते. ओठ उलटताना मला स्पष्ट दिसला. मी दाबणार एवढ्यात आतून आवाज आला.

“थांब.”

“उलटलाय मामा. दिसतोय.”

“दिसू दे. जड हाय.”

मी हात काचेवर नुसते ठेवले, भार दिला नाही. मामांनी बोट रबराच्या खाली घातलं, आतल्या आत काहीतरी चाचपलं. “हितं खाली घडी पडलीया. राजा, पानी.” राजारामनं खिडकीतून साबणाचं पाणी दिलं. मामांनी ते बोटानं घडीत सोडलं, दोरी चिमूटभर मागं घेतली आणि पुन्हा अलगद ओढली. या वेळी ती तुपातून निघावी तशी निघाली.

“आता दाब.”

मी दाबलं. काच माझ्या तळहाताखाली जराशी आत गेली आणि जाऊन बसली. तो आवाज मी त्यानंतर शेकडो वेळा ऐकला आहे. त्याला नाव देता येत नाही. उरलेली दोरी मामांनी एका दमात काढली आणि तिचं टोक वर धरून दाखवलं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मगदूम पायरीवरून उतरले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि काचेत आपला चेहरा पाहिला.

“दत्तोबा, माणूस बदलला वाटतं तुम्ही.”

“जागा बदलली,” मामा म्हणाले. “मानसं त्यीच हायत.”

मगदूम हसले आणि चहा सांगायला राजारामला घेऊन कोपऱ्यावर गेले. मी काचेवरचा साबण फडक्यानं पुसू लागले. मामा उतरले नव्हते. काच स्वच्छ होत गेली तसे ते आतून माझ्याकडं बघत होते. एकदा त्यांनी डावा डोळा तळहातानं झाकला. मग उजवा. मग हात खाली घेतला.

“हेमा.”

“काय मामा?”

“हितनं बाहेरच्याचं तोंड लई जवळनं दिसतंय.”

“हो.”

“मी कवा बसलोच न्हवतो हितं.” त्यांनी दोरीकडं पाहिलं. “तिला रोज दिसत हुतं मग.”

मी काच पुसत राहिले. त्यांनी अजून दोरी हातात धरली होती.

घरी गेलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. आत्या कुटून आणलेलं तिखट बरणीत भरत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

“बसली,” मामा म्हणाले.

“कुनी बसिवली?”

“हिनं. मी दोरीला हुतो.”

आत्यांचा हात बरणीतच राहिला. त्यांनी आधी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली: हात लावला नाही. मग त्यांनी मामांकडं पाहिलं. ते त्यांच्या समोर, नेहमीपेक्षा बरेच जवळ येऊन बसले.

“कवापासनं दिसतंय तुला?” मामांनी विचारलं.

“मागल्या सालच्या आदल्या दिवाळीपासनं. एवडासा हुता, मोहरीएवडा.”

“मला सांगितलं न्हाईस.”

“चारदा सांगितलं.”

“सांगितलंस. पन मला वाटलं, बायका बोलत्यात तसं बोलतीस. तू बगून बोलत हुतीस हे मला काय ठाऊक?”

आत्यांनी बरणीचं झाकण लावलं. त्यांचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते, त्यामुळं त्यांना डोळे पुसता येईनात. त्या तशाच बसून राहिल्या.

“डोळा झाल्यावर मी परत बाहेर उभा ऱ्हाईन,” मामा म्हणाले.

“आन हेमानं काय करायचं?”

मामांनी याचा विचार केला नसावा. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग स्वतःच्या बोटांकडं. “ती बाहेरच बरी हाय. हात हलका हाय तिचा. मी आत बसतो.”

“मग मी कुटं बसू?” आत्या म्हणाल्या. “चार म्हयने झालं, घरात बसून तिखट कुटतीया.”

“गाडीत दोन मानसांची जागा असती की पुढं,” मामा म्हणाले. “मी सरकतो.”

आत्यांनी बरणी उचलून फळीवर ठेवली.

“आदी मिरज,” त्या म्हणाल्या.